लिंबाची साल कुणी अर्धी सोडली?

गेल्या अंकात सतराव्या शतकातल्या डच स्थिरचित्रांवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या वस्तूंच्या चित्रांवर, थोडं लिहिलं होतं आणि सोबत विलेम हेडाचं १६३५ सालचं एक चित्र छापलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर सगळं त्यांच्यासाठीच ठेवलं आहे. ज्यांना मी नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. एकतीस वर्षं कोकणातल्या शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर वर्षातले चार महिने लेकीकडे नेदरलँड्समधल्या हार्लेमला असते. ज्या गावात हेडाने आणि पीटर क्लासने ही टेबलं रंगवली, त्याच गावात मी सकाळी पाव आणायला जाते. मूळ चित्रं बघायला आगगाडीने ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम गाठते. म्हणून या उत्तरांत पुस्तकापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं जास्त आहे.

प्रश्न: मुलगा हेगहून एका चित्राची मोठी प्रत घेऊन आला. कवटी, तिच्याखाली हाड आणि जीर्ण पुस्तकं, फितीचं घड्याळ, आडवा पडलेला काचेचा पेला. त्याला ती जेवणाच्या टेबलासमोर लावायची आहे. सासूबाई म्हणतात, असलं अभद्र घरात नको. मला दोघांचंही पटतं. काय करावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: हे पीटर क्लासचं १६३० सालचं चित्र, मूळ हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. आकाराने वर्तमानपत्राच्या एका पानाएवढं. एवढंसं असण्याला कारण आहे. १५६६ पासून तिथल्या प्रॉटेस्टंट लोकांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं काढून टाकली, भिंती पांढऱ्या केल्या. वेदीमागची मोठी चित्रं करून मागणारं गिऱ्हाईक चित्रकाराच्या हातून गेलं. नवं गिऱ्हाईक म्हणजे व्यापारी, दारू गाळणारे, कापडवाले, प्राध्यापक. त्यांना घरात, भिंतीवर, रोज डोळ्यांसमोर राहील असं चित्र हवं होतं. तेव्हा तुमच्या मुलाची कल्पना अगदी वावगी नाही, ही कवटी घरासाठीच रंगवलेली आहे.

या जातीच्या चित्रांना 'व्हॅनिटास' म्हणतात. शब्द लॅटिन बायबलमधला. मराठी बायबलात 'उपदेशक' नावाच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच 'व्यर्थ, सर्व काही व्यर्थ' असं येतं, ते हेच. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र वाफ, तोंडातून निघणारा श्वास. मला तो जास्त जवळचा वाटतो. 'व्यर्थ' म्हटलं की कुणीतरी आपल्याला दटावतंय असं वाटतं. थंडीत तोंडातून निघालेली वाफ मात्र आपण बघतो, ती सुंदर असते आणि बघता बघता जाते.

लायडन शहरात १५७५ मध्ये विद्यापीठ निघालं. तिथल्या शरीरशास्त्राच्या सभागृहात माणसांचे सांगाडे उभे करून त्यांच्या हातात लॅटिन वचनांच्या पताका दिल्या होत्या. मरण आठवा, माणूस म्हणजे बुडबुडा, आपण धूळ आणि सावली. लोक ते बघायला मुद्दाम जात. त्यात १६३५ च्या सुमारास प्लेगची मोठी साथ आली. लायडन, हार्लेम, दोन्ही शहरांत घरंच्या घरं रिकामी झाली. मरण बोलावून आणायची त्यांना गरज नव्हती, ते गल्लीतच होतं.

आता तुमचं काम. सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाही. हे चित्र मन अस्वस्थ करायलाच काढलेलं आहे, घास तोंडात असताना ते समोर असू नये असं मलाही वाटतं. चित्रात पुस्तकं आहेत, लिहिण्याचं पीस आहे, म्हणजे ही अभ्यासाची खोली आहे. मुलाच्या लिहिण्याच्या टेबलापाशी लावा. आणि लावण्याआधी सासूबाईंना शेजारी बसवून कवटीऐवजी तो आडवा पडलेला पेला दाखवा. हिरवट काच, आणि तिच्या फुगीर भागावर खिडकीचं प्रतिबिंब. खोलीत एक खिडकी आहे, तिच्यातून दिवस आत येतो आहे, हे फक्त त्या पेल्यामुळे कळतं. एवढं बघितल्यावर त्या कदाचित स्वतःच म्हणतील, कुठे खिळा मारायचा ते.

प्रश्न: बाई, मोबाइलवर एक यादी आली आहे. लिंबू म्हणजे वरून गोड दिसणारं पण आंबट आयुष्य, शिंपले म्हणजे वासना, पाव आणि वाइन म्हणजे ख्रिस्त, फुलपाखरू म्हणजे आत्मा, माशी म्हणजे कुजणं. हे खरं आहे का? तुम्ही छापलेल्या हेडाच्या चित्राला ही यादी लावली तर सगळं जुळतं. (तुमची विद्यार्थिनी, कुडाळ)

उत्तर: यादी खोटी नाही ग. त्या काळी तिथे बोधचित्रांची पुस्तकं फार खपत. वर छोटंसं चित्र, खाली चार ओळी उपदेश. याकोब काट्स नावाच्या कवीची असली पुस्तकं बायबलच्या शेजारी ठेवलेली असत. विझलेली वात, बुडबुडा, घड्याळ यांचे अर्थ चित्र विकत घेणाऱ्याला पाठ होते. पण प्रत्येक लिंबाला एकच अर्थ चिकटवायचा का, यावर कलेच्या अभ्यासकांत गेली कित्येक दशकं वाद आहे. एका बाजूचे म्हणतात, प्रत्येक वस्तूमागे शिकवण लपलेली आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, डच चित्रकाराला मुळात बघण्याचं वेड होतं, शिकवण नंतर. मी दुसऱ्यांच्या जास्त जवळ आहे. यादी घेऊन चित्रासमोर गेलं की डोळा वस्तूवर टेकतच नाही, नाव घेऊन पुढे सरकतो.

म्हणून आधी यादी बाजूला ठेव आणि माझ्याबरोबर ते टेबल बघ.

चित्र जवळजवळ एकाच रंगातलं आहे. राखाडी, करडा, हिरवट, मळकट पांढरा. उजळ म्हणावं असं दोनच ठिकाणी: एक उंच सोन्याचा मुलामा दिलेला चषक आणि एक लिंबू. पांढरं कापड एका बाजूला चुरगळून सरकलेलं. चांदीची पसरट बशी कलंडून पडलेली. कथिलाच्या ताटलीत कालवं. शिंपले म्हणू नकोस, तू कोकणातली आहेस. ओहोटीला खडकावरून कालवं फोडून काढणाऱ्या बायका मी लहानपणी रोज बघितल्या आहेत. कालव उघडलं की त्याला थांबता येत नाही, त्यातलं पाणी आटायच्या आत ते खायचं असतं. हेडाच्या कालवांत ते पाणी अजून आहे. कडेला चिकटलेला ओला तकाकणारा थेंब दिसतो.

आता लिंबू. आपल्या कागदी लिंबाएवढं नाही, ईडलिंबासारखं जाड सालीचं, भूमध्य समुद्राकडून जहाजाने आलेलं आणि म्हणून महाग. सुरीने साल गोल गोल सोलत आणली आहे, आणि पूर्ण न सोलता मध्येच सोडून दिली आहे. ती टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते. त्या एका फळात तीन पोत आहेत. बाहेरची साल खळग्याखळग्यांची, तिथे रंग दाटसर ठेवलेला. आतला पांढरा थर कापसासारखा, कोरडा. आणि फोडींवरची पातळ त्वचा, जिच्याखाली रस भरलेला दिसतो. तिन्ही ठिकाणी कुंचल्याची चाल वेगळी आहे. मी संग्रहालयात इतकी जवळ गेले की तिथल्या रखवालदाराने हात दाखवून मागे व्हायला सांगितलं.

आता मला सांग, साल अर्धी कुणी सोडली? टेबलाशी कुणीही नाही. बशी कुणाच्या हातून कलंडली? ज्याने ती सुरी खाली ठेवली तो उठून कुठे गेला? परत येणार आहे का? चित्रातलं मरण मला तिथे दिसतं, त्या रिकाम्या जागेत. आणि वस्तूंच्या वेगवेगळ्या मुदतींत. कालवांना थोडा वेळ आहे, लिंबाला दुपारपर्यंत, पावाला उद्यापर्यंत, चांदीला दोनशे वर्षं. सगळ्यांचं घड्याळ वेगळं, आणि सगळी एका टेबलावर. ही गोष्ट यादीत कुठेच नाही.

एक जुनी गोष्ट सांगायची राहिली आहे, ती इथेच सांगते. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या सरावासाठी मी एकदा घडा, एक वांगं आणि दोन केळी मांडली होती. चित्र पहिल्या दिवशी पुरं झालं नाही, दुसऱ्या दिवशी तीच मांडणी ठेवली. मे महिना. एका मुलाने केळ्यांवर रात्रीतून आलेले काळे डाग जसेच्या तसे रंगवले, वांग्याचं आक्रसलेलं देठही. मी त्याचे गुण कापले. म्हटलं, मांडणी स्वच्छ असताना तू घाण का दाखवलीस? तो काही बोलला नाही. हार्लेमच्या चित्रकारांनी जे आयुष्यभर केलं, ते त्या मुलाने आपणहून केलं होतं आणि मला ते कळलं नाही. तो हे वाचत असेल तर त्याने मला कळवावं. ते चित्र मला पुन्हा बघायचं आहे.

प्रश्न: मी तळेगावला हरितगृहात गुलाब घेतो. डच फुलांच्या चित्रांत ट्युलिप, गुलाब, कार्नेशन, आयरिस एकाच फुलदाणीत दिसतात. एवढी फुलं एका वेळी उमलणं शक्य नाही. मग त्यांनी बघून काढलं की मनाने?

उत्तर: दोन्ही. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण हे शेतकऱ्यालाच पटकन दिसतं. तिकडे ट्युलिप एप्रिल-मेमध्ये, गुलाब जूनपासून. तो गुच्छ कुठल्याही दिवशी कुठल्याही घरात नव्हता. चित्रकार एकेका फुलाचा हंगाम आला की त्याचं अभ्यासचित्र काढून ठेवत आणि मग चित्रात सगळे ऋतू एकत्र बांधत. आम्ब्रोसियस बॉसखार्टने हे साधारण १६१८ मध्ये खिडकीत ठेवलेल्या फुलदाणीत केलं. पुढच्या शतकात यान फान हाउसुम नावाचा चित्रकार इतका हट्टी होता की फूल प्रत्यक्ष समोर असल्याशिवाय तो रंगवत नसे. त्याच्या काही चित्रांवर दोन सालं घातलेली आहेत, लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७. मधल्या काळात तो पुढच्या वसंताची वाट बघत होता. १७४२ मध्ये त्याने एका गिऱ्हाइकाला पत्राने कळवलं की पिवळा गुलाब मिळत नाही म्हणून चित्र अडलं आहे.

तुम्हाला ट्युलिपबद्दलही सांगितलं पाहिजे. पांढऱ्या पाकळीवर लाल ज्वाळांसारखे पट्टे असलेल्या ट्युलिपसाठी लोकांनी घर विकत घेता येईल इतके पैसे बोलले, आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये हार्लेमपासून तो बाजार कोसळला. गावात त्याच वेळी प्लेग चालू होता. ते पट्टे कशाने येतात, हे विसाव्या शतकात कळलं. तो विषाणूचा रोग आहे, आणि तो पसरवते मावा ही कीड. मावा म्हटलं की तुम्हाला पुढचं सांगायला नको. रोग झालेला कंद दर वर्षी अशक्त होत जातो, त्याला पिल्लं कमी येतात. सगळ्यात महाग फूल म्हणजे सगळ्यात आजारी फूल होतं. चित्रकारांना विषाणू ठाऊक नव्हता, पण ते त्याच ट्युलिपच्या पानावर अळीने पाडलेलं भोक आणि देठाशी बसलेली माशी काढत होते.

फुलांच्या चित्रकारांत राखेल राउश या बाईंचं नाव जरूर लक्षात ठेवा. जन्म १६६४. वडील ॲमस्टरडॅमचे नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ, मृतदेहांचे अवयव टिकवून ठेवण्यात निष्णात. त्यांचा तो संग्रह रशियाच्या पीटर बादशहाने १७१७ मध्ये विकत घेतला. घरात बाटल्यांमधलं मरण बघत ही मुलगी मोठी झाली, दहा मुलांची आई झाली, आणि ऐंशी ओलांडल्यावरही रंगवत होती. म्हातारपणी चित्रावर सहीशेजारी आपलं वय लिहायची. मला त्यात अभिमान दिसतो, आणि तो रास्त आहे.

प्रश्न: एका कॅलेंडरवर डच फुलांचं चित्र आहे. त्यात पानं निळसर दिसतात. छपाईचा दोष का? (वाचक, लातूर)

उत्तर: बहुधा नाही, मूळ चित्रातच ती निळी झाली असणार. हिरवा रंग मिळवण्यासाठी निळ्यावर वनस्पतींपासून काढलेल्या पिवळ्याचा पातळ थर देत. तो पिवळा उजेडाने उडून जातो आणि खालचा निळा उघडा पडतो.

पिवळ्याची आणखी एक गोष्ट आहे. राइक्सम्युझियममध्ये आब्राहाम मिन्यॉनचं फुलांचं चित्र आहे, फुलदाणीपाशी एक घड्याळ ठेवलेलं. त्यातला एक पिवळा गुलाब बाकी फुलांसारखा भरीव दिसत नाही, कागदाचा कापून चिकटवल्यासारखा सपाट दिसतो. २०२२ मध्ये संशोधकांनी क्ष-किरणांनी तपासणी करून दाखवलं की तो हरताळाने रंगवला होता. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं खनिज. उजेडाने त्याचा रंग गेला, पाकळ्यांवरची उजळ जागा आणि सावली पुसली गेली. क्ष-किरणांत मात्र आर्सेनिक कुठे किती होतं ते उमटलं आणि गुलाबाचं मूळ रूप पुन्हा दिसलं.

आपल्याकडे पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप देऊन ते झाकत. 'हरताळ फासणे' त्यातूनच आलं. तोच हरताळ त्या गुलाबावर होता, आणि त्याने गुलाबच पुसला. मिन्यॉनने शेजारी घड्याळ काढलं तेव्हा त्याच्या मनात फुलाचं सुकणं असेल. आपला रंगही त्या घड्याळाखाली आहे, हे त्याला कळलं असेल का, असा विचार करत मी त्या चित्रासमोर बराच वेळ बसले होते.

प्रश्न: चांदी, चिनी मातीची भांडी, मसाले, परदेशी फळं. एवढ्याशा देशात एवढं आलं कुठून? आणि आमच्या बाजूचा त्याच्याशी काही संबंध आहे का? (वाचक, म्हापसा)

उत्तर: आहे, आणि तो एका पुडीत बांधलेला आहे.

पीटर क्लासचं १६२७ सालचं मोठं चित्र बघा, राइक्सम्युझियममध्येच आहे. टर्की या पक्ष्याचं मांस भरून कणकेच्या आवरणात भाजलेला प्रचंड पदार्थ, आणि वर सजावटीला त्याच पक्ष्याचं डोकं, पंख, पिसं. शिंपल्याचा चषक. मिंग काळातल्या चिनी मातीच्या वाडग्यात फळं. कालवं, लिंबू, पाव. आणि पुढे कागदाची एक सुरळी, तिच्या तोंडातून मिरी सांडलेली. तो कागद पंचांगाचा आहे, तिकडच्या छापील वार्षिक पंचांगाचं फाडलेलं पान. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजारात वाणी जुन्या कॅलेंडरच्या पानात जिरं-मिरी बांधून द्यायचा, तशीच पुडी. सरलेल्या वर्षाचे दिवस गुंडाळून त्यात जगातला महागातला माल ठेवला आहे. अख्ख्या चित्रात मला हीच वस्तू सगळ्यात बोलकी वाटते, आणि लोक टर्कीकडे बघत पुढे जातात.

टर्की अमेरिकेतून आलेला पक्षी, पण डच भाषेत त्याला 'कालकून' म्हणतात, म्हणजे कालिकतची कोंबडी. जे काही लांबून आणि समुद्रावरून आलं ते त्यांच्या मनात मलबारचंच होतं. ती मिरी मलबारची की सुमात्रा-जावाची, ते रंगावरून सांगता येत नाही. आणणारी कंपनी मात्र एकच, १६०२ मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी. चिनी भांड्यांचं वेड तर लुटीतून लागलं. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारीना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं आणि त्यातल्या मालाचा ॲमस्टरडॅमला लिलाव केला.

१६३७ मध्ये, ट्युलिपचा बाजार कोसळला त्याच वर्षी, या कंपनीने विजापूरच्या आदिलशाहीच्या मुलखात वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांची समुद्रातून नाकेबंदी चालू होती, त्या जहाजांना पाणी आणि दाणागोटा लागे. म्हापशाहून वेंगुर्लं किती जवळ, तुम्हाला सांगायला नको. त्या वखारीच्या पडक्या भिंतींत आम्ही मुली लपाछपी खेळलो. भिंतीतून वडाची मुळं उतरलेली, आत चुन्याचा वास. तेव्हा 'डच' या शब्दाला आमच्या लेखी काही अर्थ नव्हता. ॲमस्टरडॅमला ती मिरीची पुडी बघताना पहिल्यांदा मला तो चुन्याचा वास आठवला.

ही श्रीमंती कुणाच्या जिवावर आली, तेही सांगायला हवं. १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी याच कंपनीच्या यान पीटरसोन कूनने बांदा बेटांवर कत्तल केली. तिथे सुमारे पंधरा हजार लोक होते, असा अंदाज आहे. त्यांतले हजारभर उरले, बाकीचे मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम करून नेले. कंपनीच्या जवळजवळ दोनशे वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं जहाजांवरून आशियाकडे निघाली, परत पोचली ती तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. टेबलावर कवटी ठेवणाऱ्या चित्रकाराने या मरणांकडे बघितलं नाही. मला ही चित्रं प्राणापलीकडे आवडतात, आणि तरी ही गोष्ट मनातून जात नाही. आपण बघताना दोन्ही धरून बघावं, असं मला वाटतं.

प्रश्न: 'स्टिल लाइफ' हलक्या दर्जाचा प्रकार मानतात, असं कॉलेजात शिकवलं. खरं का? (विद्यार्थी, नागपूर)

उत्तर: मानत असत. १६७८ मध्ये सामुएल फान होखस्त्रातन या चित्रकारानेच स्थिरचित्र काढणाऱ्यांना कलेच्या सैन्यातले साधे शिपाई म्हटलं. वर इतिहास आणि पुराणातली चित्रं. नावं मात्र बघ. डच 'स्टिलेव्हन' म्हणजे न हलणारं जिवंत. फ्रेंचांनी नंतर त्याला मृत निसर्ग म्हटलं. एकाच ताटलीतल्या माशाला दोन देशांनी दोन नावं दिली, आणि दोन्ही खरी आहेत. दर्जाची चिंता सोड आणि एक कांदा रंगवून बघ.

प्रश्न: हे आषाढात गेले. त्यांचं टेबल मी आवरलेलं नाही. चष्मा, गोळ्यांची डबी, अर्धं सोडवलेलं शब्दकोडं, पेन उघडंच. मुली म्हणतात, आई, आता आवर. गेल्या अंकातलं चित्र पाहिलं आणि वाटलं, हे टेबलही तसंच आहे. लग्नाआधी मी इंटरमिजिएटपर्यंत परीक्षा दिल्या होत्या. हे चितारलं तर वाईट दिसेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: ताई, वाईट काही दिसणार नाही. आवरायची घाई करू नका, आधी चितारा.

लायडनच्या दाविद बाय्यीने १६५१ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, एक टेबल रंगवलं. कवटी, सुकत चाललेली फुलं, हवेत तरंगणारे साबणाचे बुडबुडे. टेबलाशी एक तरुण बसला आहे आणि त्याच्या हातात एका वयस्क माणसाचं छोटं चित्र आहे. ते वयस्क चित्र म्हणजे त्या वेळचा बाय्यी, आणि तरुण म्हणजे तोच, चाळीसेक वर्षांपूर्वीचा. शेजारी एका स्त्रीचंही लंबगोल चित्र टेकवून ठेवलेलं आहे. टेबलावर असलेलं आणि नसलेलं माणूस एकत्र बसवता येतं, हे त्याने करून दाखवलं.

पण तुम्ही एवढं मोठं काम एकदम घेऊ नका. आद्रियान कोर्तेसारखं करा. त्याने १६९७ मध्ये शतावरीच्या कोंबांची एक जुडी रंगवली. चित्र वहीच्या पानाएवढं. अंधारी पार्श्वभूमी, दगडाची कड, त्यावर दोरीने बांधलेली जुडी. कवटी नाही, घड्याळ नाही. आज खाल्ली नाही तर उद्या कडक होईल अशी भाजी, आणि तिच्यावर उजेड. त्याच्यासारखी एका वेळी एक वस्तू घ्या.

माझी आई गेली तेव्हा मी तिचा पानाचा डबा काढला होता. तेराव्यापर्यंत कुणी त्याला हात लावला नव्हता. चुन्याच्या डबीतला चुना वाळून त्याला भेगा गेल्या होत्या, आणि मधोमध तिच्या बोटाने ओढलेली शेवटची खूण होती. बाकी डबा, अडकित्ता, कातगोळ्यांची पुडी, सगळं मला नीट जमलं नाही. ती खूण जमली. चित्र आजही माझ्याकडे आहे.

पाव ताव कागद घ्या, २बी पेन्सिल. टेबलावरची धूळ पुसू नका, वस्तू सरळ करू नका, पेनला टोपण लावू नका. खिडकी डावीकडे येईल अशा बसा आणि रोज सकाळी त्याच वेळी तासभरच काढा. पहिल्यांदा चष्मा घ्या. त्याच्या काचेत खिडकी उमटते का ते बसल्या बसल्या बघून हलक्या रेघेने टिपून ठेवा. ऊन सरकलं की ती तिथे राहत नाही.